जुनी वीजबिलं

आमच्या ह्यांनी "नवीन घ्यायला हवं" असं म्हटलं की मी कपाळाला हात लावते. मागे एकदा पाण्याचं पिंप घ्यायचं होतं. साधं पिंप, पाणी धरेल असं. ह्यांनी अडीच महिने अभ्यास केला आणि पिंप घरी आलं त्याच आठवड्यात नळाला चोवीस तास पाणी सुरू झालं. ते पिंप अजून बाल्कनीत आहे. मी त्यात चिंध्या ठेवते.

हे वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानातले, गोदामातले, दवाखान्यात बाळांना निजवून तोलतात तेसुद्धा. घराच्या मागच्या खोलीत ह्यांचं टेबल आहे आणि त्यावर सोनाराला लाजवतील अशी बारीक हत्यारं. ह्यांचा एक नियम आहे आणि तो मी तीस वर्षं ऐकते आहे: रिकामा असताना कुठलाही काटा खराच वाटतो. म्हणून हे दुरुस्त केलेला काटा नुसत्या वजनांवर तपासून देत नाहीत. जी गोणी रोज त्याच्यावर चढणार, तीच मागवतात, चढवतात, उतरवतात, पुन्हा चढवतात. गिऱ्हाईक वैतागतं, पण पुढची दहा वर्षं परत येत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे काही बरं नव्हे, असं मी म्हणते. हे हसतात.

पुढची खोली माझी. मी कपडे शिवते, पण ज्यांना दुकानातला तयार कपडा बसत नाही अशांचे. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाला पाठीत बाक असतो, कुणी चाकाच्या खुर्चीत बसूनच दिवस काढतं, कुणाचा हात यंत्रात गेलेला असतो. अशा माणसाचं माप एका बैठकीत होत नाही. कागदावर पॅटर्न काढायचा, कच्चं शिवायचं, घालून बघायचं, उसवायचं, पॅटर्न परत काढायचा. तीनचार खेपांनी कुठे बाहीचा मुंढा धड बसतो. सव्वीस वर्षांत अशी चारशे बारा माणसं झाली, प्रत्येकाचा स्वतंत्र पॅटर्न.

हे सगळे पॅटर्न कागदावर होते. गेल्या वर्षी भिंतीतला पाइप फुटला आणि कपाटाच्या मागून पाणी आत आलं. मुलगी चार दिवसांची रजा काढून आली, तिने एकेक ओला कागद वाळवून स्कॅन केला आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर नीट लावून ठेवला. स्कॅन होईपर्यंत कागदांच्या चिंध्या झाल्या होत्या, त्या टाकून दिल्या. जाताना ती म्हणाली, "आई, एकाच ठिकाणी आहे सगळं. मी इंटरनेटवर एक प्रत ठेवते."

मी नाही म्हटलं. माप देताना पडद्यामागे उभी राहून माणसं मला जे दाखवतात ते घरच्या आरशालाही दाखवत नाहीत. टेप हातात घेण्याआधी मी प्रत्येकाला एक शब्द देते: हे माप या घराबाहेर जाणार नाही. तोवर तो कधी मोडला नव्हता.

मग मुलीने दुसरा उपाय सांगितला. एक छोटा डबा मिळतो, म्हणाली, इंटरनेटच्या डबीशेजारी ठेवायचा. आत दोन डिस्क. घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यात सामान ठेवता येतं, एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं असतं, आणि तो घरातच राहतो. दोन डिस्कवाला कुठलाही चांगला घ्या. इतकं साधं काम होतं. पण पोरीने ते सांगितलं तिच्या बापाला.

ह्यांनी दोनशे पानी वही काढली. रकाने आखले. डिस्क दोन हव्यात की चार, चोवीस तास फिरायला दमदार कोणती, पंख्याचा आवाज किती, बनवणारी कंपनी किती वर्षं त्याची काळजी घेणार, वीज गेली आणि आली तर आपोआप उठतो का. जेवताना तेच, भाजी निवडताना तेच. मी एकदा विचारलं की तुम्ही डबा घेताय की मुलीसाठी स्थळ बघताय. तर म्हणाले, स्थळ तिने स्वतः शोधलं म्हणूनच एवढ्या लवकर झालं. मी भाजीची परात उचलून आत गेले.

पंधरा दिवस मी कळ काढली. इकडे जुना कॉम्प्युटर सुरू करताना किरकिर करायला लागला होता आणि मला लायब्ररीवाल्या बाईंचा कोट शिवायला घ्यायचा होता. या बाईंच्या पाठीचा कणा एस अक्षरासारखा आहे. पाच मिनिटांहून जास्त त्यांना ताठ उभं राहवत नाही. त्यांचा पॅटर्न बसवायला मला दोन वर्षं आणि सहा खेपा लागल्या होत्या. आता त्या लायब्ररीच्या मुख्य झाल्या होत्या. वीस तारखेला सगळ्यांसमोर उभं राहून भाषण करायचं होतं आणि त्यासाठी नवा कोट हवा होता. त्यांनी कापडही आणून दिलं होतं. निळं, छान पडणारं.

मंगळवारी दुपारी माझं डोकं फिरलं. हे नवव्यांदा कुणाला तरी फोन करून पंख्याच्या आवाजाचा कीस पाडत होते. मी ठरवलं की डब्यासाठी जागा तरी करून ठेवावी. जागा रिकामी दिसली तर या माणसाला लाज वाटेल. कॉम्प्युटर सुरू होता, बंद करायचं सुचलं नाही. टेबल ओढलं. ते चटईच्या काठाला अडकलं. शहाण्या बाईने वाकून चटई सोडवली असती. मी रागात होते, मी हिसका दिला.

कॉम्प्युटर आडवा झाला, कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. मग आतून आवाज यायला लागला. टक, टक, टक. मी तो ऐकत तशीच उभी राहिले. हे मागच्या खोलीतून आले, त्यांनी कान लावला आणि प्लग काढला. तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी एखादी गोष्ट लगेच केली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा संध्याकाळी आला. भला माणूस. त्याने डिस्क बाहेर काढली, आपल्या यंत्राला लावली, पुन्हा लावली आणि मान हलवली. आतली चकती खरवडली गेली होती. आता हिच्यातून काही निघायचं नाही, म्हणाला, दुसरीकडे प्रत असेलच ना? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन रडले.

मी रडले ते माझ्या कामासाठी, हे खरंच आहे. पण जास्त रडले ते लायब्ररीवाल्या बाईंसाठी. त्यांना आता परत पडद्यामागे उभं करायचं, पाच मिनिटं, मग बसवायचं, मग परत पाच मिनिटं. सहा खेपा वीस तारखेच्या आत होणं शक्यच नव्हतं. आणि बाकीची चारशे अकरा माणसं? त्यातल्या काहींना पहिल्यांदा टेप लावताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की मी रागाने टेबल ओढलं, आता परत कपडे काढा?

रात्रभर हे कूस बदलत होते. मला वाटलं, माझ्या काळजीने. सकाळी चहाचा कप हातात घेऊन माझ्यासमोर बसले. कप पीत नव्हते, नुसता फिरवत होते.

"अगं, एक सांगायचंय. पण ओरडू नकोस."

मी म्हटलं, माझ्यात ओरडायचं त्राण नाही.

"मी तुझा शब्द मोडलाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोठ्या चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात असे तीन डबे मांडणीत सुरू ठेवलेले होते. हे तिथे जाऊन बसायचे. दुकानदाराचा काटा, म्हणजे पार्सल तोलायचा, ह्यांनीच नीट करून दिला होता, त्यामुळे तो काही बोलायचा नाही. आता डबा तपासायचा तर रिकामा कसा तपासणार? जी गोणी रोज चढणार तीच चढवायला हवी. म्हणून हे माझ्या नकळत माझे सगळे पॅटर्न पेन ड्राइव्हवर घेऊन गेले होते. एकेका डब्यात उतरवायचे, लगेच पेन ड्राइव्ह पुसायचा, खिशातून रस्त्यात पडला तर नको म्हणून. मग अर्धा तास डब्याला कान लावून बसायचं आणि शेवटी डबाही पुसायचा. पहिले दोन असे तपासून पुसले.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

तिसऱ्याच्या वेळी माझा फोन गेला होता. मला आठवलं. काळा दोरा आणायला तासाभरासाठी गेलेला माणूस तीन तास झाले तरी पत्ता नाही, म्हणून मी फोनवर असा आवाज लावला होता की वरच्या मजल्यावरच्या म्हातारबांनी खिडकी लावून घेतली. हे घाबरून तसेच उठले आणि दोरा घेऊन घरी आले. डबा पुसायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी पुसायला गेले तर दुकानाला कुलूप, आत रंगकाम, दहा दिवस बंद. तेव्हापासून हे त्या कुलुपाला रोज चक्कर मारून येत होते आणि मला वाटत होतं की फिरायला जातात.

मला ह्यांच्या गळ्यातही पडावंसं वाटलं आणि ह्यांचा गळाही धरावासा वाटला. माझी माणसं सुखरूप होती. आणि माझी माणसं भर चौकात, कुणीही बटण दाबावं अशा ठिकाणी, दहा दिवस पडून होती. मी दोन्ही मिळून एकदाच ओरडले. मग विचारलं, दुकान उघडणार कधी?

"आज. दहाला."

पावणेदहा झाले होते. मी केस विंचरले नाहीत, ह्यांनी चहा प्यायला नाही. वाटेत ह्यांनी सांगितलं की काळजी करू नकोस, मी त्या फोल्डरला नाव असं दिलंय की कुणी उघडणार नाही. काय नाव दिलंय ते मात्र सांगेनात.

दुकानात ताज्या रंगाचा वास आणि दारावर पाटी: मांडणीतले नमुने स्वस्तात विकणे आहे. मी ह्यांना ढकलत आत शिरले. गल्ल्याशी एक उंच, सभ्य गृहस्थ उभे होते आणि त्यांच्यासमोर तिसरा डबा. दुकानदार त्यांना सांगत होता की आत काहीबाही राहिलंय, ते पुसून कोरा करून देतो, एक बटण दाबलं की झालं. त्याचं बोट माउसवर होतं.

मी "थांबा" म्हणाले. म्हणजे मला वाटलं, मी म्हणाले. हे सांगतात की पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

दुकानदाराचं बोट हवेतच राहिलं. मी त्याला म्हटलं, "त्या डब्यात माझी चारशे बारा माणसं आहेत."

ते उंच गृहस्थ एक पाऊल मागे सरकले. दुकानदाराने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भीत भीत म्हणाला की बाई, इथे तर 'जुनी वीजबिलं' असं लिहिलंय.

हे जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, उघडा. आणि उघडलं तर पहिल्याच पानावर माझी रेघ. माझ्या हातची, एका ठिकाणी खोडून परत काढलेली. मी पुढे, पुढे करत लायब्ररीवाल्या बाईंच्या पाठीपर्यंत गेले. तो बाक मी झोपेतही ओळखीन. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच, दुकानाच्या स्टुलावर, बसकण मारली.

पण घोडं पुढे अडलं. डबा त्या गृहस्थांचा घेऊन झाला होता. ते दातांचे डॉक्टर होते आणि त्यांना पेशंटच्या दातांचे एक्स-रे ठेवायला तो हवा होता. हे म्हणाले की सोपं आहे, यातलं सगळं दुसऱ्या डब्यात उतरवू आणि हा पुसून डॉक्टरांना देऊ, दोनेक तास लागतील. दुकानदारही तयार. पण मी तयार नव्हते. कालच माझ्या हाताने एकदा सगळं गेलं होतं. आता उतरवता उतरवता वीज गेली तर? कुणाचा धक्का लागला तर? ज्यात माझी माणसं जिवंत आहेत तो डबा तसाच माझ्या घरी येणार, म्हटलं. यात शहाणपण नव्हतं हे मलाही कळत होतं. हे माझ्याकडे बघून समजले आणि वाद घालायचं थांबले.

डॉक्टर मात्र हटेनात. त्यांनीही आठवडाभर अभ्यास केला होता म्हणे. म्हणजे ह्यांचीच जात. ते शांतपणे आपली बाजू मांडत होते आणि मी ऐकायचं सोडून त्यांच्या कोटाकडे बघत होते. कॉलर मानेपासून दोन बोटं लांब, पाठीवर आडवी चुणी, उजवी बाही मनगटाच्या खाली आलेली. वर्षानुवर्षं एकाच बाजूने खुर्चीवर वाकून उजवा खांदा उतरला होता. मी त्यांना मधेच तोडून विचारलं, हा कोट तुम्ही किती वेळा दुरुस्तीला दिलात?

त्यांनी उजवी बाही वर सारली. मग म्हणाले, "तीन वेळा. तीन शिंप्यांकडे."

मी म्हटलं की चुकी शिंप्यांची नाही. त्यांनी कोट दुरुस्त केला, खांद्याकडे कुणी बघितलं नाही. तुम्ही डबा सोडा, मी तुम्हाला असा कोट शिवून देते की तो अंगात आहे हे तुम्ही विसराल. डॉक्टरांनी समोरच्या काचेत स्वतःला बघितलं, कॉलर ओढून बघितली, सोडली. ती परत दोन बोटं लांब गेली.

"माझं मापही त्या वीजबिलांत जाईल ना?" त्यांनी विचारलं.

जाईल, म्हटलं, आणि यापुढे घराबाहेर पडणार नाही. हे खोकले.

डबा मी मांडीवर घेऊन घरी आणला. टेबलावर नाही, खाली, इंटरनेटच्या डबीशेजारी, भिंतीला टेकवून ठेवला. चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. हा तिसरा डबा ह्यांनी आवाजाच्या रकान्यात नापास केला होता, आणि खरंच, तो मांजरासारखा गुरगुरतो. ह्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले की आवाज एकसारखा आहे, म्हणजे तब्येत ठणठणीत. मी चारशे बाराच्या चारशे बारा मोजले. फोल्डरचं नाव बदलू का, असं ह्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

लायब्ररीवाल्या बाईंचा निळा कोट मी चार दिवसांत उभा केला. शेवटच्या बैठकीला त्या आल्या. पडद्यामागे त्यांच्या पाठीवरून हात फिरवून बघितलं, कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. पण सांगायचं राहिलं होतं. टाचण्या तोंडात धरून बोलता येत नाही म्हणून त्या काढल्या आणि सगळं सांगून टाकलं. टेबल, हिसका, ह्यांची गोणी, दुकान, दहा दिवस. मी दिलेला शब्द पाळला गेला नाही, म्हटलं. तुम्हाला राग आला असेल तर मला समजेल.

त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाल्या, "दहा दिवसांत एकानेही उघडलं नाही?"

"वीजबिलं कोण उघडणार?"

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं आणि मी कोटाच्या शिवणी बघत राहिले, पण एकही कुठे ताणली नाही. जाताना त्यांनी मागच्या खोलीत डोकावून ह्यांना बजावलं की पुढच्या वेळी गोणी चढवायच्या आधी गोणीला विचारत जा. ह्यांचे कान लाल झाले.

वीस तारखेला आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो. त्या पाच मिनिटं बोलणार होत्या, बारा मिनिटं उभ्या होत्या. त्यांनी एकदाही खांद्यावरून कोट सारखा केला नाही. मी ह्यांचा हात धरून बसले होते. कधी धरला ते मला आठवत नाही.

परत येताना हे माझ्याकडे तिरकं बघत चालत होते. काहीतरी मनात होतं. शेवटी धीर करून म्हणाले की त्या डब्यात दोन डिस्क आहेत खऱ्या, पण डबा एकच आहे. उद्या पाइपच फुटला तर दोन्ही एकदम भिजतील. आणखी एक लहान डबा हवा, मागच्या खोलीत, उंचावर. वही पुन्हा काढावी लागेल. थोडा अभ्यास करावा लागेल. एवढं बोलून ह्यांनी मान खाली घातली, माझा आवाज चढायची वाट बघत.

मी म्हटलं, "सावकाश बघा. घाई नाही. गोणी मात्र घरातच चढवा."

हे चालायचं थांबले. मला ताप आलाय की काय अशा नजरेने बघायला लागले.

"आणि मधेच मी फोनवर ओरडले," मी म्हटलं, "तर हातातलं सोडून तसेच उठून या."